डव्हीचा चेहरा

पाकीट कुणी उघडायचं यावरूनच पहिली ठिणगी पडली.

मे महिन्यातला थडगी सजवायचा रविवार होता. सकाळपासून कॉब क्रीकच्या चर्चमागे आम्ही सगळे स्टॉलकप खुरपी-कुदळी घेऊन वाकलो होतो. आमच्या डोंगरात थडग्यावर गवताची काडी दिसली तर त्या घराण्याचं नाक कापलं जातं. माती खरवडायची, झाडायची, तिचा उंचवटा नीट थापायचा, त्यावर शिंपले आणि मेणात बुडवलेली कागदी फुलं मांडायची आणि मग झाडाखाली चादरी पसरून जेवायला बसायचं. सलग दोन-तीन वर्षं पावसाने दगा दिला होता, कापसाला कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे तळलेल्या कोंबडीच्या जागी चादरीवर खारीचा रस्सा आला होता. फुलं मात्र दरवर्षीपेक्षा जास्त होती, कारण या वर्षी तिथे डव्ही होती.

डव्ही ही व्हर्जिल आणि नेटीची एकुलती एक. फेब्रुवारीत घटसर्पाने गेली. व्हर्जिलच्या थोरल्या भावाने, डॉयलने, तिच्यासाठी सीडरच्या लाकडाची फळी तासून आणली होती. नाव कोरलं होतं आणि नावाच्या वर एक खोबण पाडली होती. खोबणीवर बसवायला मिंटीआजीने, या भावांच्या आईने, आपल्या घड्याळाच्या दाराची काच काढून दिली होती. घड्याळ त्या दिवसापासून उघडंबोडकं टिकटिकत होतं. खोबणीत बसायचा होता डव्हीचा फोटो, आणि तो मिस ल्युरलीन बाईंच्या हातातल्या पाकिटात होता. बाई आमच्या शाळेच्या मास्तरीण. शनिवारी पोस्टात गेल्या तेव्हा पाकीट दिसलं, म्हणून घेऊन आल्या.

"आण इकडे," डॉयल म्हणाला. "सरकारी शिक्का आहे. मी बघतो."

"माझ्या मुलीचा फोटो आहे," नेटी म्हणाली.

"अगं, थोरला आहे तो घरातला," झेल्मा मध्ये पडली. झेल्मा या दोघा भावांची बहीण, विधवा, पोरंबाळं नाहीत, आणि डॉयल पूर्वेला म्हणाला की ती पूर्वेला. "थोरल्याने उघडलं तर काय बिघडलं?"

"थोरला आहे तर असू दे. पोटात मी वागवली होती."

व्हर्जिल दोघांच्या मध्ये टोपी हातात धरून उभा होता. तो नेहमीच दोघांच्या मध्ये टोपी हातात धरून उभा असायचा. नेटीने बाईंच्या हातातून पाकीट घेतलं आणि केसातल्या आकड्याने फोडलं.

गेल्या सप्टेंबरात वॉशिंग्टनहून एक फोटोवाली बाई आली होती. सरकारला म्हणे डोंगरातल्या लोकांचे हाल बघायचे होते. तिने व्हर्जिलच्या ओसरीवर, होते तशाच अवतारात सगळ्यांचे फोटो काढले. फाटक्या पँटी, चुलीच्या राखेने माखलेले हात, सगळं. नेटीला ते इतकं लागलं की तिने त्या फोटोवालीला सांगितलं, आता थांबायचं, कुठे जायचं नाही. मग बादलीभर पाणी काढलं, सगळ्यांना घासलं, चर्चचे कपडे घातले आणि पुन्हा ओसरीवर उभं करून म्हणाली, "हं, आता काढा. हे आम्ही आहोत." फोटोवालीने तोही काढला आणि नक्की पाठवते म्हणाली. आमच्या घरात त्या दिवसाआधी डव्हीचा फोटो कुणी काढला नव्हता, नंतर काढायला ती उरली नाही.

आता तो नेटीच्या हातात होता. ओसरी झाडलेली. व्हर्जिल लग्नातल्या कोटात. खुर्चीत मिंटीआजी, मांडीवर बायबल. मागे झेल्मा, पोट आत ओढून. नेटी स्वतः हॅट घालून. आणि मधोमध पिठाच्या पिशवीच्या निळ्या फुलांच्या कापडातून शिवलेला झगा, धुतलेले पाय, वळलेल्या मुठी, गळ्याशी रिबीन.

रिबिनीच्या वर काळंभोर, गोल भोक होतं.

"हे काय?" नेटी म्हणाली. "व्हर्जिल, हे काय आहे?"

व्हर्जिलने अंगठा थुंकीने ओला केला आणि घासून बघितलं. काळं निघेना. मागून बघितलं तर कागद धडधाकट होता. "डाग पडला असेल पोस्टात," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलं नसावं. इतका गोल डाग पडत नाही.

"देवा रे," झेल्माने तोंडावर हात ठेवला. "खूण आहे ही! भिंतीवरचा फोटो आपोआप पडला तर घरातलं माणूस जातं की नाही? मग हे काय वेगळं आहे? त्या फोटोच्या डबड्याने पोरीला आधीच हेरलं होतं."

"झेल्मा, तोंड आवर," डॉयल म्हणाला.

"मी काय खोटं बोलतेय? माझ्या तोंडाला भोक नाही, व्हर्जिलच्या नाही. नेमकी तीच?"

मंडळी जमायला लागली. दोन थडग्यांपलीकडचे हँकिन्स कुटुंबातले लोक खुरपी टाकून आले. कुणी म्हणालं कॅमेऱ्यात माशी शिरली असेल. कुणी म्हणालं सरकार मेलेल्यांवर खूण करतं, म्हणजे त्यांच्या नावाचं मदतीचं धान्य दुसऱ्याने उचलायला नको. कुणालाच काही कळत नव्हतं आणि बोलल्याशिवाय कुणाला राहवतही नव्हतं.

मिस ल्युरलीन बाई मात्र फोटो बघून पांढऱ्या पडल्या होत्या. फोटोवाली बाई तेव्हा त्यांच्याकडेच उतरली होती.

"खूण वगैरे काही नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ती मला म्हणाली होती. वॉशिंग्टनला त्यांचे एक साहेब आहेत. सगळे फोटो तिथे जातात, ते निवडतात. जो नको असेल त्याच्या मूळ काचेला, म्हणजे फिल्मला, ते भोक पाडतात, आणि ते छापल्यावर असं काळं उमटतं. म्हणजे तो पुन्हा कुणी छापू नये. ती फार चिडायची त्यावर. हा मात्र कुणीतरी छापून पाठवला... तिने सांगितलं असेल म्हणून."

"नको होता?" नेटी म्हणाली. "हा? अहो, हाच तर चांगला होता."

"हो ना. म्हणूनच." बाई अडखळल्या. "म्हणजे त्यांना हाल दाखवायचे होते ना, नेटी. यात तुम्ही सगळे नीटनेटके आहात. हाल दिसत नाहीत."

"म्हणजे घाणेरडे असलो की आम्ही सरकारच्या पसंतीला उतरतो," डॉयल म्हणाला, "आणि तोंड धुतलं की नापास!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पण तोंडावरच का?" नेटीने विचारलं. "एवढी ओसरी पडली होती. खांबाला पाडायचं. माझ्या हॅटला पाडायचं."

"बघत नाहीत गं ते. मध्यावर पाडतात. ती मध्यावर होती."

नेटीनेच तिला मधोमध उभं केलं होतं. मग तिने असं काही विचारलं की बाईंना मान खाली घालावी लागली.

"ती जायच्या आधी पाडलं की नंतर?"

"मला नाही माहीत, नेटी."

नेटीला त्या वेळी काय होत होतं ते तिने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. तिला डव्हीचा चेहरा आठवत नव्हता. अंगाचा वास आठवायचा, पायांचा आवाज आठवायचा, केसात अडकलेला कंगवा आठवायचा, पण चेहरा आठवायला जावं तर आजारपणातला सुजलेला गळा तेवढा डोळ्यांपुढे यायचा. मार्चपासून ती मनाला समजावत होती की फोटो येईल, फोटो आला की सगळं जागेवर येईल. आता फोटो आला होता. तिला एवढी भीती पोरगी गेली त्या दिवशीही वाटली नव्हती.

"ती हसत होती यात," व्हर्जिल म्हणाला. बायकोची समजूत काढायला गेला बिचारा. "मला चांगलं आठवतं. मी कोपराने डिवचलं होतं तिला."

"हसत कुठे होती?" झेल्मा म्हणाली. "मी मागेच होते. डोळे मिटून घेतले होते तिने. फोटोवाली म्हणालीसुद्धा, पोरी डोळे उघड."

"रडत होती," नेटी म्हणाली. "मी इतकी घासली होती तिला. रडत होती ना? व्हर्जिल, रडत होती ना ती?"

"हसत होती गं."

"मग मला का नाही आठवत!"

मिंटीआजीला खुर्चीवर बसवलं होतं, सीडरच्या सावलीत. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिने हात पुढे केला. "आणा बघू मला." नेटीने फोटो तिच्या हातात दिला. आजीने तो नाकाशी नेला, उलटा होता तो सुलटा केला, बोटाने चाचपला.

"कुणाच्या तोंडाला भोक आहे म्हणता?"

"डव्हीच्या, आई."

"मला तर सगळ्यांच्याच तोंडाला दिसतं," आजी म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले. ही नेटी आहे हे मला कळतं ते तिच्या चालीवरून. डॉयल कळतो तो ओरडण्यावरून. तुम्ही एवढे घाबरता कशाला?"

पण नेटी घाबरली होती ती घाबरलीच होती. आणि घाबरलेलं माणूस कुणावर तरी उलटतं. ती डॉयलकडे वळली.

"एक होता," ती म्हणाली. "एक चेहरा होता. तुम्ही जाळलात."

जानेवारीत एका मासिकात त्या फाटक्या अवतारातला फोटो छापून आला होता. सबंध पानभर: ओसरी, व्हर्जिल, नेटी, आणि पुढे पायरीवर डव्ही, तोंडाला काहीतरी फासलेलं, डोळे सरळ बघणाऱ्याकडे. खाली ओळ होती की या मुलांच्या पोटात अन्न नाही. दुकानात एकच प्रत आली होती आणि ती सगळ्या गावाच्या हातांतून फिरली. न्हाव्याने डॉयलला खुर्चीत बसवून विचारलं, काय हो, आता तुमची दाढी सरकारी खर्चाने करायची का? डॉयल अर्ध्या दाढीने उठला, दुकानात गेला, मासिक उचललं आणि दुकानाच्याच शेगडीत घातलं. सगळ्यांदेखत म्हणाला, हे चित्र ज्याच्या घरात दिसेल तो स्टॉलकप नव्हे. तेव्हा डव्ही बाहेर माझ्या बहिणीबरोबर लपाछपी खेळत होती.

"तूच म्हणाली होतीस बरं केलंत म्हणून," डॉयल म्हणाला. आवाज चढवायला गेला आणि चढेना. "नेटी, तूच म्हणालीस, माझी पोरगी भिकारी दिसते त्यात."

"म्हणाले होते! तेव्हा ती होती घरात!"

"मग मी काय... मला काय माहीत होतं?"

"दादाने घराण्यासाठी केलं," झेल्मा म्हणाली खरी, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

डॉयल मात्र ऐकत नव्हता. तो तासलेल्या फळीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि रिकाम्या खोबणीत बोट फिरवत राहिला. जाळताना त्याने चित्र नीट पाहिलंही नव्हतं, हे त्याला आता कळत होतं. पाहिली होती ती ओसरीची मोडकी पायरी, जी आपण दुरुस्त करून देतो म्हणालो आणि दिली नाही. पोरीच्या चेहऱ्याकडे त्याची नजरच गेली नव्हती. अख्ख्या देशाने तिला पाहिलं, आणि तिच्या सख्ख्या काकाने कागद मुठीत चुरगळून शेगडीत टाकला. त्याला एकदम रडू आलं. आमच्या घरात पुरुषांनी दफनभूमीत रडलेलं चालतं.

व्हर्जिल त्याच्या शेजारी जाऊन बसला. जानेवारीत मासिक जाळल्यापासून या दोघांचं बोलणं नव्हतं. "असू दे," तो म्हणाला. "हाच लावू. झगा तर आहे. पाय आहेत."

"भोकासकट?" डॉयल म्हणाला. "लोक विचारतील."

"विचारू देत."

"नाही," नेटी म्हणाली. "दर वर्षी इथे येऊन मी त्या भोकाकडे बघू? नाही लावायचा. रिकामीच राहू दे." आणि तिने काच उचलून ॲप्रनशी धरली. काचेत तिचाच चेहरा दिसला असावा, कारण तिने ती लगेच उलटी केली.

झेल्माचा जीव या सगळ्यात टांगणीला लागला होता. ती वाटी उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. तिचं घर चर्चच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं, इथून धुराडं दिसायचं. तिला बोलायचं होतं, आणि बोललं की दादा तुटणार होता. शिवाय बोललं की तिच्याजवळचंही जाणार होतं, आणि हे दुसरं जास्त दुखत होतं. तिने नेटीकडे पाहिलं. नेटीने काच अजून उलटी धरली होती.

"माझ्याकडे चला," झेल्मा म्हणाली.

"आता? जेवणं व्हायची आहेत."

"जेवण पळून जात नाही. चल नेटी. व्हर्जिल, तूही. दादा, तू आलास तर ये, नाहीतर बस इथेच. पण आलास तर करवत आण."

"करवत? कशाला?"

"आण म्हटलं ना!"

झेल्माने डॉयलवर आवाज चढवलेला आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. तो मुकाट्याने गाडीतून करवत घेऊन आला.

झेल्माचं स्वयंपाकघर म्हणजे फळ्यांची भिंत आणि फळ्यांच्या फटीतून वारा. दर वर्षी मार्चमध्ये ती कणकेची खळ शिजवून आतून सगळीकडे जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं चिकटवायची. सगळेच चिकटवतात आमच्याकडे. या वर्षी कागद मिळेनात म्हणून जमीनदाराच्या बायकोने आपल्याकडचा गठ्ठा दिला होता. भिंतीवर साबणाच्या जाहिराती होत्या, मोटारी होत्या, गोऱ्यापान बायका डबाबंद हॅम कापत होत्या. झेल्मा कोपऱ्यातल्या पिठाच्या पिंपापाशी गेली, त्याला मिठी मारली आणि सरकवलं. पिंपाखालची जमीन घासून गुळगुळीत झाली होती, म्हणजे ते रोज सरकत असणार.

मागे, गुडघ्याच्या उंचीवर, डव्ही होती.

"ते पान गठ्ठ्यातच निघालं," झेल्मा भराभर बोलू लागली. "मी जाळणार होते, देवाशप्पथ जाळणार होते. पण ती गेली होती ना तोवर. खळ हाताला लागलेली, आणि ही अशी बघतेय माझ्याकडे. मला नाही जाळवलं, दादा. आणि नेटी, तुला सांगणार होते, रोज सांगणार होते. पण मग सकाळी पीठ काढताना... मी बोलते गं तिच्याशी. उठलीस का म्हणते. मला कोण आहे दुसरं?"

नेटी गुडघ्यांवर बसली. तिने कागदाला हात लावला नाही, नुसता चेहरा जवळ नेला. मग नेटीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. व्हर्जिल घाबरून पुढे झाला. ती हसत होती.

"काकवी आहे," ती म्हणाली. "व्हर्जिल, बघ ना, तोंडाला काकवी आहे! चोरून बुधल्यात हात घातला होता हिने, मी पाठीत धपाटा घालणार इतक्यात ती बाई आली. म्हणून अशी बघतेय. म्हणे पोटात अन्न नाही! अर्धा बुधला होता पोटात." आणि हसता हसता ती रडू लागली. "हीच. हीच आहे ही. मी धुवून काढली सगळी, आणि ही अशीच होती."

"हसत नाहीये," व्हर्जिल चकित होऊन म्हणाला. "मला वाटलं होतं हसरी होती."

"पकडली गेलीय ती. आता हसणारच आहे."

डॉयल दारात करवत घेऊन उभा होता. झेल्माने त्याच्याकडे बघितलं. आता हा ओरडणार, अशा अंदाजाने तिने खांदे आक्रसून घेतले होते. तो आत आला, वाकला आणि चित्राकडे पाहत राहिला. या खेपेला त्याने चेहराच पाहिला.

"खळ पक्की बसलीय," तो शेवटी म्हणाला. "सोलायला गेलं तर फाटेल. फळीच कापावी लागेल. झेल्मा, भिंतीला भोक पडेल."

"पडू दे."

"वारा येईल."

"पिंप आहे ना. काप तू."

त्याने पान असलेल्या फळीचे दोन्ही बाजूंनी खिळे उपटले आणि इतक्या हळू करवत चालवली की व्हर्जिलला राहवेना. तुकडा सुटला तसा व्हर्जिलने तो खालून धरला. डॉयलने नेटीकडून काच मागून घेतली आणि तुकड्यावर ठेवून बघितली. काच लहान होती. डव्हीच्या तोंडापुरतीच होती ती. ओसरी, मोडकी पायरी, फाटके कपडे, आणि ती छापील ओळ, सगळं काचेबाहेर राहत होतं.

"बाकीचं उघड्यावर राहील," व्हर्जिल म्हणाला.

"राहू दे," डॉयल म्हणाला. "पाऊस येईल कधीतरी. धुऊन नेईल." मग जरा थांबून, नेटीकडे न बघता म्हणाला, "ती पायरी मी या आठवड्यात बसवतो."

ते तिघं फळी घेऊन टेकडी चढू लागले. नेटी पुढे, काच दोन्ही हातांत धरून. भोकाचा फोटो ती झेल्माच्या टेबलावर विसरून गेली होती, की मुद्दाम ठेवून गेली होती, हे झेल्माला कळलं नाही. तिने त्यातल्या निळ्या फुलांच्या झग्यावरून बोट फिरवलं आणि तो कपाटात ठेवला. जेवणाची वेळ उलटून गेली होती आणि वर हँकिन्स रस्सा संपवत असणार, तरी ती पिंप जागेवर ढकलायला गेली.

वाकली, आणि सवयीने तोंडातून शब्द निघून गेले, "उठलीस का?"

भिंतीतल्या भोकातून टेकडी दिसत होती. वर सीडरच्या सावलीत डॉयल गुडघ्यांवर बसून खिळा ठोकत होता, आणि आवाज जरा उशिराने खाली येत होता. झेल्माने पिंप तसंच राहू दिलं. वारा आत येत होता. तिने स्टूल ओढलं आणि भिंतीशी बसून वर बघत राहिली.